शोधपत्रकार व्हायचे असेल तर: नागपूरच्या नवोदित बातमीदारांसाठी

पुरस्कार मिळवणारी शोधपत्रकारिता कशी करावी, असे विचारायला येणाऱ्या नवोदितांना मी आधी एकच गोष्ट विचारते: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या एका विषयाची कागदपत्रे तुम्ही तारीखवार लावून ठेवली आहेत? बहुतेकांकडे उत्तर नसते आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नसतो, कारण रोज संध्याकाळपर्यंत तीन-चार बातम्या द्याव्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालचा विषय मागे पडलेला असतो. तरीही या क्षेत्रात जे टिकले, ज्यांच्या बातमीमुळे चौकशी लागली, निविदा रद्द झाली किंवा एखाद्या वस्तीचे अडलेले पाणी सुरू झाले, त्या प्रत्येकाच्या घरी असे कागदांचे एक कपाट मी पाहिले आहे. ते कसे भरावे आणि त्यातून बातमी कशी काढावी, हे नागपुरात राहून काम करणाऱ्यांसाठी येथे सांगत आहे.

एक विषय धरावा

सुचेता दलाल यांनी २३ एप्रिल १९९२ रोजी शेअर दलाल हर्षद मेहता आणि स्टेट बँकेच्या रोखे व्यवहारांची बातमी दिली, तेव्हा ती एका दिवसात हाती लागलेली बातमी नव्हती. त्याआधी कित्येक वर्षे त्या अर्थविषयक वृत्तांकन करीत होत्या, आणि म्हणूनच बँकेच्या हिशेबातील खड्डा म्हणजे नेमके काय, हे त्यांना समजले. दुसऱ्या एखाद्या बातमीदाराच्या कानावर तीच माहिती पडली असती, तरी त्याला तिचा अर्थ लागला नसता. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

नागपूरकराने विषय निवडताना दूर पाहण्याची गरज नाही. सिंचन, कोळसा, औष्णिक वीज केंद्रांची राख, रेतीघाट, भूखंडांचे नियमितीकरण, शासकीय रुग्णालयांची औषधखरेदी आणि वनजमिनी यांपैकी कोणताही एक विषय पाच वर्षे पुरेल एवढा मोठा आहे. गोसीखुर्द प्रकल्पाचेच उदाहरण घ्या. वैनगंगेवरील या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाजपत्रक ३७२ कोटी रुपयांचे होते आणि सुधारित खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. एवढी वाढ एका सहीने होत नाही. प्रत्येक सुधारित प्रशासकीय मान्यतेमागे एक प्रस्ताव असतो, त्या प्रस्तावात दरवाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल अशी कारणे मांडलेली असतात, आणि ती कारणे क्रमाने वाचणाऱ्याला कोणते कारण खरे आणि कोणते केवळ भरतीचे, हे हळूहळू दिसू लागते. ज्या बातमीदारांनी विदर्भातील सिंचनाचे कागद असे वाचले होते, त्यांनाच २०१२ मध्ये हा विषय राज्यभर पेटला तेव्हा काही सांगण्यासारखे होते. इतरांनी पत्रकार परिषदा छापल्या.

विषय ठरला की त्याचा कालक्रम तक्ता करावा. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात कागदाचा क्रमांक आणि चौथ्यात तो कागद कोठून मिळाला याची नोंद. एक्सेलमध्ये केला तर उत्तम, वहीत केला तरी चालेल. हा तक्ता शंभर ओळींचा झाला की दोन तारखांमधील विसंगती आपोआप डोळ्यांत भरते, आणि माझ्या बहुतेक बातम्या अशाच एखाद्या विसंगतीतून निघाल्या आहेत.

सिव्हिल लाइन्स ही आपली खाण

मुंबई-पुण्याच्या पत्रकारांना जे सहज लाभत नाही, ते नागपुरात दोन-तीन किलोमीटरच्या परिघात आहे, आणि नवीन मुले त्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत याचे मला खरोखर वाईट वाटते. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ, जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त कार्यालय, महानगरपालिकेचे मुख्यालय, महालेखापालांचे लेखापरीक्षा कार्यालय, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आणि विधानभवन आहे. त्याला लागून सदरमध्ये नागपूर सुधार प्रन्यास आहे. याखेरीज भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, वर्धा मार्गावरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, कापूस संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षण संस्थाही याच शहरात आहेत. प्रदूषण, खनिज किंवा पीक यांविषयी प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर देऊ शकणारा शास्त्रज्ञ नागपुरातच भेटतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रालय नागपुरात येते, तेव्हा बहुतेक बातमीदार मोर्चे आणि सभात्याग यांच्या मागे धावतात. ते काम करावेच लागते. पण त्याच दिवसांत तारांकित प्रश्नांची (आमदारांनी विचारलेल्या, सभागृहात तोंडी उत्तर अपेक्षित असलेल्या प्रश्नांची) छापील उत्तरे मिळतात, आणि मंत्र्याने सभागृहाला दिलेले उत्तर ही शासनाची लेखी कबुली असते. मागील वर्षी दिलेले उत्तर आणि या वर्षीचे उत्तर शेजारी ठेवून पाहावे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवालही विधिमंडळात मांडले जातात. त्यांचा सारांश सगळेच छापतात, परंतु परिशिष्टांतील तालुकानिहाय आणि कामनिहाय तक्ते फारच थोडे जण वाचतात. परिशिष्टात नाव आलेले एखादे काम निवडून त्या गावी जावे. लेखापरीक्षकाने कागद पाहिलेला असतो, पण त्या कालव्यात आज पाणी आहे की बाभळी, हे तिथे उभे राहून आपणच पाहायचे असते.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिणे

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. तो सर्वांना माहीत असतो, पण तो नीट वापरणे फारच थोड्यांना जमते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला असावा लागतो. शुल्क १० रुपये असून ते न्यायालय शुल्क मुद्रांकाने भरता येते, आणि राज्य शासनाच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे, तर एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तेव्हा ती ४८ तासांची आहे.

अर्जात "का" विचारू नये. "रस्ता खराब का झाला" या प्रश्नाला जन माहिती अधिकारी उत्तर देण्यास बांधील नाही, कारण कायद्याने मिळते ती अभिलेखात असलेली माहिती. त्याऐवजी कागदाचे नाव घ्यावे: प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही), देयकांच्या प्रती, मुदतवाढीचे आदेश, उपयोगिता प्रमाणपत्र आणि संपूर्ण नस्तीतील (फाइलमधील) टिपणी भाग. टिपणी हा शब्द विसरू नये. पत्रव्यवहार सर्वांना दाखवण्यासाठी असतो, तर टिपणीत कोणत्या लिपिकाने हरकत घेतली, ती कोणी खोडून काढली आणि कोणत्या तारखेला, हे दिसते.

प्रतींसाठी थांबण्यापेक्षा पुष्कळदा अवलोकनाची मागणी अधिक उपयोगी पडते. कायद्यातच अभिलेख पाहण्याचा, टिपणे काढण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्क आहे. शिवाय राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महानगरपालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याचे निर्देश दिले आहेत. या दोन तासांचा मी नेमाने लाभ घेते. प्रत्यक्ष नस्ती समोर असली की आवक-जावक नोंदवहीतील क्रमांक, मागे लावलेले सुटे कागद आणि पेन्सिलीच्या खुणाही पाहायला मिळतात.

नकार आला तर निराश होऊन बसू नये, कारण नकार हा प्रक्रियेचाच भाग आहे. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे करावे. प्रत्येकी २० रुपये शुल्क लागते. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला बराच काळ लागतो, म्हणून त्या कागदावर अवलंबून राहून बातमी अडवून धरू नये, आणि एकाच विषयाचे चार अर्ज चार वेगवेगळ्या कार्यालयांत करावेत. महानगरपालिका जो कागद देत नाही, त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महालेखापालांच्या पत्रव्यवहारात असू शकते. वैयक्तिक माहितीच्या सबबीखाली नकार देण्याचे प्रमाण वाढण्याची भीती आहे, कारण डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याने माहिती अधिकारातील त्या अपवादाची व्याप्ती मोठी केली आहे. अशा वेळी अपिलात कलम ८(२) चा आधार घ्यावा, कारण लोकहित हे गोपनीयतेतून होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देण्याची मुभा त्या कलमात कायम आहे.

दोन याद्या शेजारी ठेवणे

१९८१ मध्ये अरुण शौरी यांनी तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांच्या न्यासांबद्दल जे लिहिले, त्याची रीत आजही शिकण्यासारखी आहे. एका बाजूला न्यासांना देणग्या देणारे, दुसऱ्या बाजूला टंचाईच्या काळात सिमेंटचा कोटा मिळालेले. दोन्हीकडे तीच नावे कोठे येतात, हे पाहिले की बातमी उभी राहते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी १९८२ मध्ये अंतुले यांच्या विरोधात निर्णय दिला आणि त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले.

आज आपल्याकडे याद्या कितीतरी अधिक आहेत. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. कंपन्यांचे संचालक आणि ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे अल्प शुल्क भरून पाहता येतात. सातबारा आणि आठ-अ महाभूलेखवर, खरेदीखताची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) नोंदणी विभागाकडे, फेरफार (जमिनीच्या हक्कांतील बदलाची नोंद) तलाठ्याकडे आणि न्यायालयीन खटल्यांची स्थिती ई-कोर्टवर मिळते. रिंग रोडलगतच्या एखाद्या गावात रस्त्याची आखणी जाहीर होण्याच्या आधीच्या दोन वर्षांचे सर्व फेरफार मागवावेत, खरेदीदारांची नावे काढावीत, त्यांतील कंपन्यांचे संचालक शोधावेत आणि मग ती नावे प्रतिज्ञापत्रांशी ताडून पाहावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि दहापैकी आठ वेळा काही निघत नाही. नावसाधर्म्याचा धोकाही फार मोठा आहे: पत्ता, जन्मवर्ष किंवा संचालक क्रमांक यांपैकी दुसरी एखादी खूण जुळल्याशिवाय दोन नावे एकाच माणसाची आहेत, असे कधीही गृहीत धरू नये.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका नगर परिषदेच्या रस्त्याबद्दल मी लिहिले की, कार्यादेश निघण्यापूर्वीच कंत्राटदाराला पैसे दिले गेले. प्रत्यक्षात त्याच रस्त्याची दोन कामे होती आणि मी एका कामाचे देयक दुसऱ्या कामाच्या कार्यादेशाला जोडले होते. ज्या शाखा अभियंत्याकडे बोट दाखवले होते, त्याच्या मुलीला शाळेत बोलणी ऐकावी लागली. आम्ही पहिल्या पानावर दुरुस्ती छापली, मी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली, पण मुलीच्या मनावर जे बिंबले ते मला पुसता आले नाही. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात कामाचा संकेतांक लिहिल्याशिवाय मी तो धारिकेत लावत नाही, आणि छापण्यापूर्वी बातमीचे प्रत्येक वाक्य समोर ठेवून त्याच्या शेजारी आधाराचा कागद क्रमांक लिहिते. ज्या वाक्याशेजारी क्रमांक येत नाही, ते वाक्य काढून टाकते.

व्याख्या तपासावी, मग आकडा छापावा

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे वृत्तांकन करू पाहणाऱ्याने हे सर्वांत आधी शिकावे. शासकीय अहवालात आत्महत्या पात्र आणि अपात्र अशा दोन रकान्यांत विभागलेल्या असतात. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळण्याची तरतूद २००६ पासून आहे, आणि पात्रतेसाठी कुटुंबाच्या नावे जमीन, मान्यताप्राप्त संस्थेचे थकीत कर्ज व वसुलीचा तगादा यांसारख्या अटी पाहिल्या जातात. जो ठेक्याने शेती करीत होता, ज्याने सावकाराकडून कागदाविना पैसे घेतले होते, किंवा ज्या बाईच्या नावाने सातबारा नव्हता, त्यांचे मरण या रकान्यांत कोठे पडते, हे तहसीलदाराच्या अहवालाची प्रत वाचल्याशिवाय कळत नाही. पी. साईनाथ यांनी या प्रदेशातून वर्षानुवर्षे जे लिहिले, त्यात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही होते आणि एकेका घरातले बसणे-बोलणेही होते. २००७ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला तो ग्रामीण भारताच्या अशा दीर्घ वृत्तांकनासाठी.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. असे काही घडते तेव्हा त्याची पहिली खूण मंत्रालयात उमटत नाही, ती रुग्णालयाच्या दाखल नोंदवहीत उमटते. म्हणून मेडिकल, मेयो (नागपुरातील दोन मोठी शासकीय रुग्णालये) आणि जिल्हा रुग्णालये यांच्याकडे केवळ अपघाताच्या बातमीसाठी जाऊ नये. एकाच प्रकारचे रुग्ण एकाच तालुक्यातून येऊ लागले आहेत का, हे परिचारिकेला आणि वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना इतरांच्या आधी कळलेले असते.

माणसे आणि त्यांची सुरक्षितता

कागद देणारा माणूस आपल्यावर नोकरी ओवाळून टाकत असतो, याची जाणीव ठेवावी. त्याच्या कार्यालयात भेटू नये, बातमीच्या आठवड्यात त्याला वारंवार फोन करू नये, आणि त्याने दिलेल्या प्रतीचे छायाचित्र जसेच्या तसे छापू नये, कारण झेरॉक्सवरील डाग, हस्ताक्षरातील शेरा किंवा आवक शिक्का यावरून ती कोणाच्या टेबलावरची प्रत आहे हे ओळखता येते. तोच कागद शक्य झाल्यास माहिती अधिकारातून पुन्हा मागवावा, म्हणजे छापताना उगम स्वच्छ राहतो. संगणकीय धारिकेत ती तयार करणाऱ्याचे नाव दडलेले असते, म्हणून ती पुढे पाठवण्यापूर्वी तपासावी. ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत असेल तर मूळ उपकरण व मूळ धारिका जपून ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत न्यायालयात टिकवणे कठीण जाते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते.

निवृत्त अभियंते, लेखापाल आणि लिपिक हे माझे सर्वांत मोठे शिक्षक ठरले आहेत. मोजमाप पुस्तिका कशी वाचावी, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकवले नाही. ते एका निवृत्त उपअभियंत्यांनी त्यांच्या ओसरीवर चहा पाजत तीन रविवारी शिकवले. त्यांनी कधी एकही गुपित सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

आरोप असलेल्याचे म्हणणे, आणि कायदा

बातमीत ज्याच्याकडे बोट जाते, त्याला छापण्यापूर्वी लेखी प्रश्नावली पाठवावी. प्रत्येक आरोप स्पष्ट शब्दांत मांडावा, उत्तरासाठी किमान तीन-चार कामाचे दिवस द्यावेत, पोच जपावी आणि उत्तर आले तर ते बातमीच्या शेवटच्या ओळीत कोंबून न टाकता योग्य जागी द्यावे. माझ्या किमान दोन बातम्या अशा उत्तरामुळे थांबल्या, कारण त्या उत्तरासोबत मी न पाहिलेला कागद होता. त्या थांबल्या याचा मला आजही आनंद आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. सत्य आणि लोकहित या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या तर बचाव मिळतो, म्हणजे केवळ खरे असून भागत नाही. उगम गुप्त ठेवण्याचा सर्वंकष हक्क भारतीय कायद्याने पत्रकाराला दिलेला नाही, प्रेस कौन्सिलसमोरील कार्यवाहीपुरते तेवढे संरक्षण आहे. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, त्याखाली तक्रार नोंदवताना पोलिसांना त्या कायद्याचे नाव सांगून नोंद घ्यायला लावावी. लैंगिक अत्याचार पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड होईल असा गाव, शाळा, नातेसंबंध यांचा कोणताही तपशील देऊ नये. विदर्भातील छोट्या गावात आडनाव न छापताही ओळख उघड होते.

उपजीविका आणि पुरस्कार

पहिली पाच वर्षे दैनिकाच्या नोकरीत काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मुदतीत लिहिणे, नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचणे आणि रोज दहा माणसांशी बोलणे अंगवळणी पडते. दीर्घ शोधकार्यासाठी त्यानंतर नॅशनल फाउंडेशन फॉर इंडियासारख्या संस्थांच्या पाठ्यवृत्त्यांकडे पाहावे, आणि अर्जात "भ्रष्टाचार उघड करणार" असे न लिहिता कोणते कागद हाती आहेत, कोणते मागवले आहेत आणि खर्च किती, हे लिहावे.

पुरस्कारांबद्दल थोडक्यात सांगते. इंडियन एक्स्प्रेस समूहाचे रामनाथ गोएंका पुरस्कार २००६ पासून दिले जातात आणि त्यांत शोधपत्रकारितेचा तसेच भारतीय भाषांचा स्वतंत्र विभाग असतो. महिला पत्रकारांसाठी चमेली देवी जैन पुरस्कार आहे. राज्य शासन बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने पुरस्कार देते, मात्र ज्या खात्याचे कागद आपण तपासत आहोत, त्या खात्याच्या हस्ते काही स्वीकारताना विचार करावा, असे मला वाटते. अर्जासाठी मराठी मजकुराचा चांगला इंग्रजी अनुवाद, मूळ कागदांची सूची आणि बातमीनंतर नेमके काय बदलले याच्या तारखा तयार ठेवाव्यात. या तारखा पाठपुरावा केलेल्यालाच देता येतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पुढचे आठ दिवस सर्वांनी तेच लिहिले. सांडव्यासमोरच्या बांधकामाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेल्यावर प्रत्येक तारखेला तिथे बसणारे आणि शपथपत्रांच्या प्रती काढणारे मात्र मोजकेच होते.

म्हणून बातमी छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात: मूळ कागदांचा एक संच घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवावा, चौकशीचे आश्वासन देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव व तारीख तक्त्यात चढवावी, आणि त्या चौकशीच्या अहवालाची प्रत मागणारा अर्ज नव्वद दिवसांनी करण्याची नोंद दिनदर्शिकेत करून ठेवावी.